विजेवरच्या मोटारीचे दुर्मीळ कॉन्फिगरेशन : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कोल्हापुरात एमएच ०९ पासिंगच्या हिरव्या नंबरप्लेटांचे आता कोणाला नवल वाटत नाही. पहिल्या काही वर्षांत घेतलेल्या विजेवरच्या गाड्या हळूहळू दुसऱ्या मालकाकडे जाऊ लागल्या आहेत. त्यांच्या विक्रीच्या जाहिरातींत 'दुर्मीळ रंग', 'असे मॉडेल पुन्हा मिळणार नाही', 'जिल्ह्यात एकच' अशी वाक्ये दिसतात, आणि ती वाचून अनेक जण माझ्याकडे विचारणा करतात. त्यांतले नेहमी येणारे प्रश्न आणि माझी उत्तरे येथे एकत्र दिली आहेत. कॉन्फिगरेशन हा शब्द मी बॅटरीची क्षमता, मोटर, गाडीतला चार्जर, व्हेरियंट, रंग आणि सॉफ्टवेअर यांच्या कारखान्यात ठरलेल्या मांडणीसाठी वापरला आहे.

एखादे कॉन्फिगरेशन खरोखर दुर्मीळ आहे असे केव्हा म्हणावे?

कारखान्याने केलेली ती मांडणी थोड्याच गाड्यांत का राहिली याचे कारण सांगता आले, आणि आपली गाडी त्या थोड्यांपैकी आहे हे कागदावर दाखवता आले, तर तिला दुर्मीळ म्हणण्यास माझी हरकत नाही. नुसता लहान आकडा मला पुरेसा वाटत नाही. पर्याय थोडा काळच उपलब्ध होता, ग्राहकांनी तो नाकारला, कंपनीने तो जाहिरातीविना विकला किंवा मध्येच बदलला, यांपैकी काहीतरी घडलेले असते. ते सांगता येत नसेल, तर बहुधा योगायोगालाच दुर्मीळपण म्हटले जात असते.

आमच्या भागात तशी दुसरी गाडी दिसत नाही. मग ती दुर्मीळ नाही का?

आपल्या भागात ती विरळ आहे, एवढेच त्यावरून ठरते. टेस्लाने भारतातले पहिले दालन जुलै २०२५ मध्ये मुंबईच्या वांद्रे-कुर्ला संकुलात उघडले आणि तेथे मॉडेल वाय विक्रीस ठेवली. ती गाडी संध्याकाळी रंकाळ्यावर उभी केली, तर भोवती माणसे जमतील यात शंका नाही. परंतु हीच मॉडेल वाय २०२३ मध्ये जगात सर्वाधिक खपलेली मोटार होती. शोरूम कोठे आहे, सर्व्हिस सेंटर किती दूर आहे आणि महामार्गावर चार्जर कधी आले, यांवर एखाद्या शहरातली संख्या ठरते. ते वितरणाचे चित्र आहे आणि दोन-तीन वर्षांत पालटू शकते. जाहिरातीतल्या 'जिल्ह्यात एकच' या वाक्याला म्हणूनच मी फारसे वजन देत नाही.

कंपनीनेच 'लिमिटेड एडिशन' म्हटले असेल तर प्रश्न मिटतो का?

आकडा जाहीर केलेला असेल, तर मोजणीचा प्रश्न मिटतो. बीएमडब्ल्यूने आय३ ही गाडी २०२२ मध्ये बंद केली. तोपर्यंत लाइपझिगच्या कारखान्यातून तिच्या अडीच लाख गाड्या बाहेर पडल्या होत्या. शेवटच्या फक्त १० गाड्यांना 'होमरन एडिशन' असे नाव देऊन, त्या मॉडेलवर पूर्वी कधी न वापरलेल्या निस्तेज झळाळीच्या रंगात त्या रंगवण्यात आल्या. येथे संख्या, कारण आणि पुरावा सगळे एका जागी सापडते.

आपल्याकडचे उदाहरण महिंद्राच्या बीई ६ बॅटमॅन एडिशनचे आहे. ऑगस्ट २०२५ मध्ये ती जाहीर झाली तेव्हा ३०० गाड्या बनणार होत्या. मागणी पाहून कंपनीने तो आकडा ९९९ केला, आणि बुकिंग सुरू झाल्यावर १३५ सेकंदांत सगळ्या गाड्या गेल्या. ९९९ हा आकडा देशाच्या मानाने लहानच आहे. तरीही मागणी दिसली की मर्यादा वाढवता येते, हेही त्यातून दिसले. शिवाय अशा गाड्या घेणारे बहुतेक जण पहिल्या दिवसापासून त्या जपतात, त्यामुळे वीस वर्षांनीही त्यांतल्या बऱ्याच शिल्लक असतील. ज्या साध्या गाडीकडे दुर्मीळ म्हणून कोणी पाहिलेच नाही, ती मात्र वापरात झिजते, ठोकली जाते, भंगारात जाते. केवळ 'एडिशन' असे नाव असेल आणि संख्या सांगितलेली नसेल, तर ते व्हेरियंटचे नाव समजावे.

मग हजारोंनी बनणाऱ्या गाडीत न ठरवता दुर्मीळपण येते ते कसे?

मला स्वतःला सर्वांत आवडणारा प्रश्न हाच आहे, म्हणून त्याचे उत्तर सविस्तर देतो.

पहिले आणि सर्वांत सरळ कारण म्हणजे थोड्या काळाची खिडकी. टाटा नेक्सॉन ईव्ही जानेवारी २०२० मध्ये आली, तेव्हा तिच्यात ३०.२ किलोवॅट-तासांची, म्हणजे आपल्या वीजबिलाच्या भाषेत ३०.२ युनिटची, बॅटरी होती. मे २०२२ मध्ये ४०.५ किलोवॅट-तासांची नेक्सॉन ईव्ही मॅक्स आली, आणि सप्टेंबर २०२३ मध्ये गाडीचा चेहरामोहरा बदलला तेव्हा 'मॅक्स' हे नावच गेले. याच मॅक्सची डार्क एडिशन एप्रिल २०२३ मध्ये आली होती, त्यामुळे तिच्या वाट्याला जेमतेम पाच महिने आले. त्या पाच महिन्यांतही ती गाडी दोन तऱ्हांनी मिळत होती, एक ३.३ किलोवॅटच्या चार्जरसह आणि दुसरी सुमारे ५० हजार रुपये जास्त मोजून ७.२ किलोवॅटच्या चार्जरसह. बाहेरून दोन्ही सारख्याच काळ्या दिसतात. मला तर ही दोन वेगळी कॉन्फिगरेशन एखाद्या भडक स्टिकरच्या एडिशनपेक्षा जास्त अभ्यासण्यासारखी वाटतात, कारण त्यांच्यामागे त्या काळच्या ग्राहकाचा एक खरा निर्णय आहे : घरी जलद चार्जिंगसाठी आत्ता पैसे घालावेत, की रात्रभर गाडी लावून ठेवणे पुरेसे आहे?

दुसरे कारण म्हणजे ग्राहकांचा नकार. टेस्लाने मॉडेल एस अमेरिकेत २०१२ मध्ये आणली तेव्हा तिची सर्वांत स्वस्त आवृत्ती ४० किलोवॅट-तासांची असणार होती. मागणी नोंदवणाऱ्यांपैकी केवळ चार टक्के ग्राहकांनी ती निवडली, आणि २०१३ मध्ये कंपनीने ती रद्द केली. ज्यांनी ती मागितली होती त्यांना कंपनीने ६० किलोवॅट-तासांची बॅटरी बसवूनच गाड्या दिल्या, मात्र सॉफ्टवेअरने वापर ४० पुरता मर्यादित ठेवला. स्वस्तातली, कोणाला फारशी नको असलेली गाडी अशा रीतीने इतिहासात वेगळी पडली. सर्वांत महाग व्हेरियंट तेवढा दुर्मीळ, हा आपल्याकडे पक्का बसलेला समज या उदाहरणाने ढिला व्हावा. पुष्कळदा टॉप मॉडेलच सर्वांत जास्त खपते आणि रिकामे बेस मॉडेल दोन-चार जण घेतात.

तिसरे कारण म्हणजे पर्याय असूनही तो समोर न ठेवणे. २०१९ मध्ये टेस्लाने ३५ हजार डॉलरची मॉडेल ३ जाहीर केली, आणि काही आठवड्यांतच संकेतस्थळावरच्या यादीतून ती काढून फक्त फोनवर किंवा दालनात जाऊन मागणाऱ्यालाच देण्याचे ठरवले. ती खरे तर वरच्या आवृत्तीचीच गाडी होती, फक्त सॉफ्टवेअरने तिचा पल्ला कमी केलेला होता. जी गोष्ट मुद्दाम विचारल्याशिवाय मिळत नाही ती थोड्यांकडेच जाते, हे बाजारपेठेत वाढलेल्या कोल्हापूरकराला वेगळे सांगायला नको.

मॉडेल बदलतानाच्या काळात जुना रंग नव्या बॅटरीबरोबर किंवा नवी स्क्रीन जुन्या मांडणीबरोबर काही आठवडे एकत्र येऊ शकते. अशा गाड्या असतात, पण उत्पादनाचा महिना आणि त्या वेळचे माहितीपत्रक दोन्ही हाती असल्याशिवाय त्यांच्याविषयी बोलू नये.

रंग, व्हेरियंट, चार्जर, ॲक्सेसरी सगळे धरले तर माझ्यासारखी गाडी एकच निघते. तिला 'एकमेव' म्हणू का?

म्हणू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. टियागो ईव्ही सप्टेंबर २०२२ मध्ये आली तेव्हा १९.२ आणि २४ किलोवॅट-तासांच्या बॅटऱ्या, दोन प्रकारचे चार्जर आणि सजावटीच्या पायऱ्या मिळून तिची सात व्हेरियंट होती. प्रत्येक व्हेरियंट पाच रंगांत मिळते असे धरले तर कागदावर पस्तीस गाड्या होतात. त्यात उत्पादनाचा महिना, टायरची कंपनी, सीटकव्हर आणि मॅट घातली की आकडा हजारांत जातो, आणि मग प्रत्येकच गाडी एकमेव ठरते. शिरोली किंवा गोकुळ शिरगावच्या फाउंड्रीत काम केलेल्या माणसाला हे लगेच पटेल. एकाच पॅटर्नवरून (साच्याच्या नमुन्यावरून), एकाच हीटमधून, म्हणजे एका वेळी वितळवलेल्या धातूतून, निघालेल्या शेकडो कास्टिंगांवर वेगवेगळा क्रमांक असला, तरी त्या क्रमांकामुळे त्यांतले एखादे दुर्मीळ होत नाही. पॅटर्न बदलण्यापूर्वी जुन्यावरून काढलेले थोडे नग मात्र वेगळे ठेवण्यासारखे असतात.

गुणाकारात तेच घटक धरावेत जे कारखान्यात ठरतात, जे सहज बदलता येत नाहीत आणि ज्यांनी गाडीच्या वापरात किंवा स्वरूपात फरक पडतो. माझ्या यादीत बॅटरी, मोटर, चार्जर, कारखान्याचा रंग आणि आतील सजावट एवढेच बसते.

विजेवरच्या गाडीत सॉफ्टवेअरमुळे काही वेगळे घडते का?

फार वेगळे घडते. पेट्रोल गाडीचे इंजिन रातोरात मोठे होत नाही. वर सांगितलेल्या ४० किलोवॅट-तासांच्या मॉडेल एसच्या मालकांना मात्र पैसे भरून पुढची क्षमता खुली करून घेता येत होती, आणि ज्याने ती खुली केली त्याच्यापुरते ते कॉन्फिगरेशन संपले. म्हणजे कारखान्यातून किती गाड्या बाहेर पडल्या यापेक्षा आज त्या मूळ अवस्थेत किती उरल्या हा आकडा लहान असतो, आणि तो आणखी घटतच जातो. याच कारणाने, केवळ सॉफ्टवेअरमधून मिळणारी सोय दुर्मीळ म्हणून धरू नये. जी सोय एका अपडेटने सर्वांना मिळू शकते किंवा सर्वांची जाऊ शकते, तिच्यावर मोठी किंमत मोजणे धोक्याचे आहे.

एखाद्या कॉन्फिगरेशनच्या किती गाड्या बनल्या हे कोठे कळते?

भारतात बहुतेक वेळा थेट कळत नाही, हे मान्य करूनच सुरुवात करावी. केंद्र सरकारच्या वाहन पोर्टलवर कंपनी, इंधन आणि आरटीओ यांनुसार नोंदणीचे आकडे दिसतात. कोल्हापूर कार्यालयात विजेवरची किती वाहने नोंदली गेली हे तेथे पाहता येते, पण व्हेरियंट आणि रंग यांची फोड तेथे नाही. कंपन्याही ती फोड सहसा जाहीर करीत नाहीत.

एक आडवाट मात्र उपयोगी पडते, ती म्हणजे रिकॉलची सूचना. ह्युंदाईने कोना इलेक्ट्रिक भारतात जुलै २०१९ मध्ये आणली आणि २०२४ मध्ये बंद केली. मधल्या काळात बॅटरीच्या तपासणीसाठी कंपनीने गाड्या परत बोलावल्या तेव्हा एप्रिल २०१९ ते ऑक्टोबर २०२० या उत्पादनकाळातील ४५६ गाड्यांचा उल्लेख झाला. त्या दीड वर्षात ही गाडी कोणत्या पटीत बनत होती याचा असा भक्कम अंदाज जाहिरातींतून कधीच मिळाला नसता. म्हणून रिकॉलच्या बातम्या मी कात्रणासारख्या जपून ठेवतो.

माझ्या गाडीचे कॉन्फिगरेशन मूळचे आहे हे मी कसे सिद्ध करू?

आरसीवर चासी क्रमांक, मोटरचा क्रमांक, उत्पादनाचा महिना-वर्ष आणि रंग असतो. चासी क्रमांक १७ अक्षरांचा असतो आणि त्याच्या सुरुवातीवरून उत्पादक ओळखता येतो : टाटा मोटर्सचा एमएटी, महिंद्राचा एमए१ आणि ह्युंदाईच्या भारतीय कारखान्याचा एमएएल. व्हेरियंटचे पूर्ण नाव मात्र आरसीवर पुष्कळदा त्रोटक छापलेले असते, त्यामुळे शोरूमचे मूळ टॅक्स इन्व्हॉइस हाच सर्वांत महत्त्वाचा कागद ठरतो. बुकिंगची पावती, त्या महिन्याची किंमतयादी आणि माहितीपत्रक यांचीही प्रत ठेवावी. माहितीपत्रके संकेतस्थळावरून मॉडेल बदलताच नाहीशी होतात.

कागदाबरोबर गाडीचीही साक्ष घ्यावी. मागच्या वर्षी एका परिचितांसाठी मी शहरातल्या एका विक्रेत्याकडे डार्क एडिशनची गाडी पाहायला गेलो होतो. '७.२ चा चार्जर, फार कमी गाड्यांत आहे' असे सांगून त्यासाठी जास्त रक्कम मागितली जात होती. गाडी ७.२ किलोवॅटच्या भिंतीवरच्या चार्जरला लावली, तेव्हा ती ३.३ च्या वर जाईना. इन्व्हॉइस मागवल्यावर तेही तसेच निघाले. विक्रेत्याने मुद्दाम फसवले असे मी म्हणणार नाही, कारण त्यालाही पहिल्या मालकाने तसेच सांगितले असावे. परंतु ज्या वैशिष्ट्यासाठी पैसे मागितले जातात ते अर्ध्या तासात तपासता येत असेल, तर तपासल्याशिवाय विसार देऊ नये. ही तपासणी घरच्या १५ अँपिअरच्या सॉकेटवर होत नाही, कारण तेथे दोन्ही गाड्या सारख्याच गतीने चार्ज होतात.

रंग बदलून किंवा रॅप लावून गाडी वेगळी केली असेल तर?

ती मालकाची हौस आहे आणि हौसेला माझा विरोध नाही, मात्र तिचा कारखान्याच्या दुर्मीळपणाशी संबंध नाही. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार आरसीवरील तपशिलांशी विसंगत ठरेल असा बदल करता येत नाही, आणि रंग बदलायचा तर आरटीओत नोंद करून घ्यावी लागते. उद्यमनगरात हाताचे काम फार सुंदर होते, त्यामुळे नुसत्या डोळ्यांनी ओळखणे अवघड जाते. दरवाजाच्या बिजागरीजवळ, बॉनेटखाली आणि डिकीच्या रबराखाली मूळ रंग पाहावा.

बॅटरी बदललेली असेल तर गाडी मूळची राहते का?

वॉरंटीत त्याच क्षमतेची बॅटरी कंपनीने बदलून दिली असेल आणि जॉबकार्ड असेल, तर मी ती मूळचीच मानतो. क्षमता बदलली असेल तर मानत नाही.

बॅटरी भाड्याने घेतलेली गाडी वेगळे कॉन्फिगरेशन धरावे का?

एमजी विंडसर सप्टेंबर २०२४ मध्ये ९.९९ लाख रुपयांना, अधिक बॅटरीसाठी दर किलोमीटरला ३.५ रुपये, अशी आली, आणि बॅटरीसह पूर्ण किमतीतही ती मिळू लागली. दोन्ही गाड्या यंत्र म्हणून सारख्याच आहेत, फरक मालकीच्या कराराचा आहे. संग्राहकाच्या दृष्टीने मी त्यांना वेगळे धरणार नाही. विकत घेणाऱ्याने मात्र बॅटरीचा करार कोणाच्या नावावर आहे आणि तो कसा हस्तांतरित होतो हे आधी पाहावे.

दुर्मीळ कॉन्फिगरेशनला जास्त किंमत येते का?

सध्या आपल्या बाजारात क्वचितच येते. जुनी विजेवरची गाडी घेणारा आधी बॅटरीची शिल्लक वॉरंटी पाहतो, मग प्रत्यक्षातला पल्ला, मग किलोमीटर. रंग आणि एडिशन त्यानंतर येतात. विम्याचाही विचार करावा. घोषित मूल्य, म्हणजे आयडीव्ही, कंपनीच्या छापील किमतीतून घसारा वजा करून ठरते, आणि दुर्मीळपणाला त्यात रकाना नाही. पाच वर्षांहून जुन्या किंवा उत्पादन थांबलेल्या मॉडेलसाठी हे मूल्य विमा कंपनी आणि मालक यांच्या संमतीने ठरवता येते, ही तरतूद अनेकांना ठाऊक नसते. आपली गाडी बंद झालेली असेल, तर नूतनीकरणाच्या वेळी एजंटाला याविषयी जरूर विचारावे.

बंद झालेल्या मॉडेलची दुसरी बाजूही असते. त्याच एडिशनपुरता वापरलेला बंपर, दिव्यांची काच किंवा सीटचे कापड काही वर्षांनी मिळत नाही. पाच महिन्यांत जेवढ्या गाड्या बनल्या तेवढ्यांनाच लागणारा भाग कोणी फार काळ साठवून ठेवत नाही.

पुरात अडकलेली गाडी असेल तर?

२०१९ आणि २०२१ च्या महापुरांत पंचगंगेचे पाणी शहरात कोठवर आले होते हे आपण सर्वांनी पाहिले आहे. गाडी त्या वर्षांतली किंवा त्याआधीची असेल, तर दावे झाले का याचा तपशील विमा कंपनीकडून घ्यावा आणि उच्चदाबाच्या केबलींचे जोड अधिकृत सर्व्हिस सेंटरमध्ये तपासून घ्यावेत. कॉन्फिगरेशन कितीही विरळ असले तरी हे टाळू नये.

रेव्हा किंवा ई-टू-ओसारख्या जुन्या गाड्यांचे काय?

माझ्या मते आपल्या देशातील खरे दुर्मीळपण आज येथेच आहे. रेव्हा बंगळुरूत २००१ मध्ये आली. महिंद्राची दोन दारांची ई-टू-ओ २०१३ मध्ये, आणि चार दारांची ई-टू-ओ प्लस २०१६ मध्ये. पूर्वीच्या रेव्हा लेड-ॲसिड बॅटरीवर चालत. बॅटरी संपली की नवी घालण्याचा खर्च गाडीच्या किमतीच्या पुढे जाई, म्हणून त्या भंगारात गेल्या. चालू स्थितीतली, मूळ मोटर आणि कंट्रोलर असलेली, कागद पूर्ण असलेली रेव्हा कोणाकडे गोठ्याशेजारी ताडपत्रीखाली उभी असेल, तर कृपा करून ती भंगारवाल्याला देऊ नका. अमेरिकेत जनरल मोटर्सने १९९६ ते १९९९ या काळात ईव्ही१ या १,११७ गाड्या बनवल्या, त्या फक्त भाडेकरारावर दिल्या आणि नंतर परत घेऊन बहुतेक चिरडून टाकल्या. उरलेल्या थोड्या आता संग्रहालयांत पाहाव्या लागतात.

दसऱ्याला निघणाऱ्या छत्रपतींच्या मेबॅकसारखे मोल या गाड्यांना कधी येईल का?

ती तुलना मला वेगळ्या जातीची वाटते. दसरा चौकात सोने लुटण्याच्या सोहळ्याला येणारी ती मेबॅक ज्या काळातली आहे, त्या काळी चासी एकीकडे आणि बॉडी दुसरीकडे, मागणीप्रमाणे हाताने घडवली जाई. तिचे वेगळेपण घडवतानाच ठरलेले होते. पट्ट्यावरून निघणाऱ्या गाडीचे वेगळेपण मागे वळून पाहिल्यावर कळते, आणि तोपर्यंत कागद हरवलेले असतात. कायद्याच्या दृष्टीनेही २०२१ च्या नियमांनुसार ५० वर्षे पूर्ण झालेली, मूळ स्वरूपात राखलेली गाडीच व्हिंटेज म्हणून नोंदवता येते. २०२० मध्ये घेतलेल्या नेक्सॉन ईव्हीची ती पात्रता २०७० मध्ये येईल. तिचे इन्व्हॉइस आजच प्लॅस्टिकच्या पाकिटात घालून, आरसीची आणि पहिल्या माहितीपत्रकाची प्रत त्याच पाकिटात ठेवावी. थर्मल कागदावरची बुकिंगची पावती काही वर्षांत पुसट होते, तिची झेरॉक्स आधी काढावी.